हॉटशॉट क्रूवर मी कशी लागले

अमेरिकेत वणवे विझवायचं काम करते म्हणलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर एकतर फायर ब्रिगेडची लाल गाडी येते नाहीतर विमानातून लाल रंगाचं काहीतरी ओततात ते व्हिडिओ. आमचं काम त्यातलं काहीच नाही. गाडी रस्त्याला लावायची, पाठीवर वीसेक किलो घेऊन चालत डोंगरात शिरायचं, पाण्याचा पाइप बहुतेक वेळा नसतोच, आणि करवती नि कुदळी घेऊन आगीच्या कडेनं जमीन खरवडत जायचं, गवत, मुळं, पालापाचोळा सगळं काढून खालची नुसती माती उघडी करायची म्हणजे आगीला पुढं खायला काही राहत नाही. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याच्या तोंडाला जाळरेषा काढतं ना, तेच, फक्त इथं शेजारी आग पेटलेली असताना काढायची.

असे वीस-बावीस जणांचे क्रू असतात, त्यांना हॉटशॉट क्रू म्हणतात. देशभरात शंभराच्या वर आहेत, बरेचसे फॉरेस्ट सर्व्हिसचे, म्हणजे इथल्या केंद्राच्या वनखात्याचे, थोडे बीएलएम (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं), नॅशनल पार्क आणि मूळ अमेरिकन आदिवासींचे. १९४० च्या दशकाच्या शेवटी दक्षिण कॅलिफोर्नियात सुरुवात झाली, आगीच्या सगळ्यात तापलेल्या भागात यांना घालायचे म्हणून ते नाव पडलं. मी सध्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका क्रूवर आहे. नात्यातली दोन-तीन पोरं सारखी विचारतात की ताई तू यात घुसलीस कशी, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न पुलअप्स किती मारायला लागतात हाच असतो. पुलअप्सचं सांगते, पण खरी गोम तिथं नाहीये.

आम्ही मूळचे भोर तालुक्यातले. माझ्या मामानं आईसाठी खूप वर्षांपूर्वी ग्रीन कार्डचा, फॅमिलीचा अर्ज टाकून ठेवलेला, त्याचा नंबर एकदाचा २०१५ ला लागला, तेव्हा मी नववी संपवून बसले होते. आलो ते ओरेगनमध्ये हिल्सबरोला, मामा तिथं चिपच्या कंपनीत. शाळा झाली, कम्युनिटी कॉलेजला नाव घातलं आणि पैशाची ओढाताण चालू होती तेव्हा वर्गातला एक मेक्सिकन मुलगा म्हणाला की उन्हाळ्यात माझ्या काकांच्या क्रूवर ये, तासाचे पैसे बरे देतात.

हे कॉन्ट्रॅक्ट क्रू म्हणजे खाजगी कंपन्यांचे क्रू, ओरेगनात खूप आहेत, सरकार वणव्याच्या सीझनला त्यांना भाड्यानं घेतं. मला इथून सुरुवात करावी लागली त्याचं साधं कारण म्हणजे माझ्याकडे तेव्हा ग्रीन कार्डच होतं. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रूला सिटिझनशिप लागते, त्यात सूट नाही. कॉन्ट्रॅक्ट क्रूला कामाची परवानगी असली की चालतं, त्यामुळे आमच्या क्रूवर निम्म्याच्या वर लोक स्पॅनिश बोलणारे, आणि मी जी काही स्पॅनिश शिकले ती सगळी शिव्यांपासून सुरू करून.

आधी आठवडाभराचं ट्रेनिंग. एस-१३०, एस-१९० असे कोर्स असतात, एकात हत्यारं आणि लाइन, म्हणजे ती जाळरेषा, कशी काढायची, दुसऱ्यात आग कशी वागते, म्हणजे चढावर आग का पळते, हवेतली आर्द्रता खाली आली की दुपारी काय होतं, वारा फिरला की आगीची बाजू कशी तोंड होऊन बसते. मग पॅक टेस्ट. ४५ पौंडांचं जॅकेट घालून ३ मैल ४५ मिनिटांत चालायचं, पळायचं नाही, पळलात की बाद. ऐकायला सोपं वाटतं पण उंची कमी असेल तर पाय भराभरा टाकावे लागतात आणि नडगीच्या पुढचा स्नायू असा पेटतो की बास. हे सगळं पास झालं की रेड कार्ड मिळतं, ते असल्याशिवाय आगीवर कोणी उभं करत नाही.

कॉन्ट्रॅक्ट क्रूवर काम कष्टाचं होतं पण सारखी मॉप-अपच यायची. मॉप-अप म्हणजे आग थांबल्यानंतर धुमसणारी मुळं आणि ओंडके उकरून थंड करणं. हाताचा मोजा काढायचा आणि हाताच्या पाठीनं राख चाचपत जायचं, ऊब लागली की उकर. दिवसच्या दिवस तेच. आमच्या कंपनीत जेवणाची नि हिशेबाची बोंब होती ते जाऊ दे, पण कुदळ धरायची कशी, दहा फुटांचं अंतर ठेवून एकामागे एक कसं खणत जायचं, आणि रात्री थंडीत चुलीएवढ्या निखाऱ्याजवळ बसून झोप कशी काढायची हे तिथंच कळलं.

मग सप्टेंबर २०२० आला. लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, दिवशी पूर्वेकडून असा कोरडा वारा सुटला की कॅस्केड डोंगरातल्या आगी एका रात्रीत खाली दऱ्यांमध्ये आल्या, डेट्रॉइट, गेट्स अशी गावंच्या गावं जळाली, सेलमला भरदिवसा आभाळ लाल झालं होतं. त्यानंतरच्या आठवड्यांत आम्ही तिथल्याच सँटियम नदीच्या बाजूला होतो आणि आमच्या शेजारच्या डिव्हिजनला, म्हणजे आगीच्या वाटून दिलेल्या भागाला, एक हॉटशॉट क्रू होता. मी त्यांच्याकडे बघतच राहायचे. वीस लोक चढ चढताना मध्ये एकही गॅप नाही, कोणी बडबडत नाही, थांबले की आधी करवतींना धार लावायला बसतात आणि मग पाणी पितात. आम्ही दोन तासांत काढायचो तेवढी लाइन ते अर्ध्या वेळात काढून, वळून बघून, परत सरळ करून पुढं जायचे. एक दिवस त्यांच्या एका स्क्वॉड लीडरला धीर करून विचारलं की मला यायचंय, काय करू. तो म्हणाला ऑक्टोबरमध्ये सुपला फोन कर आणि नंतर स्वतः जाऊन तोंड दाखव. सुप म्हणजे सुपरिटेंडंट, क्रूचा मालकच समजा. एवढंच बोलला आणि गेला, मला वाटलं कटवलं, पण ते अक्षरशः खरं होतं.

सिटिझनशिपची शपथ २०२१ ला झाली आणि त्याच वर्षी पानगळ सुरू झाल्यावर मी अर्जाला बसले. अर्ज यूएसएजॉब्स नावाच्या सरकारी साइटवर. इथं बरीच चांगली पोरं नुसत्या कागदामुळे गळतात म्हणून जरा सविस्तर सांगते. फेडरल रेझ्युमे आपल्या एका पानाच्या रेझ्युमेसारखा नसतो, त्यात प्रत्येक नोकरीची सुरुवात-शेवट तारीख आणि आठवड्याला किती तास काम केलं हे लिहावंच लागतं, नसलं तर तो अनुभव धरतच नाहीत. रेड कार्डची आणि कोर्सच्या सर्टिफिकेटची कॉपी जोडायची. मग प्रश्नावली असते, तुम्ही अमुक काम केलंय का, कितपत येतं. आपल्याला लहानपणापासून स्वतःची टिमकी वाजवू नये शिकवलेलं असतं, ते इथं घरी ठेवा, जे केलंय ते ठणकावून लिहा, फक्त जे केलं नाही ते लिहू नका कारण सुप रेफरन्सला फोन करतो म्हणजे करतोच. आणि अर्जाची खिडकी सीझनच्या कितीतरी आधी, थंडीच्या सुमारास बंद होते, एप्रिलमध्ये जागं होऊन उपयोग नाही.

पण अर्ज हा फक्त दरवाजा. यादीत शेकडो नावं असतात आणि सुपला कागदावरून माणूस कळत नाही, म्हणून फोन. हॉटशॉट क्रूंची यादी नंबरसकट उघड असते, मी ती घेऊन एकेकाला लावायला सुरुवात केली. पहिले काही फोन अगदी वाईट गेले असं नाही, पण ते लोक मोजकं बोलतात, आपण बोलत सुटलो की तिकडं शांतता. प्रश्न मात्र नेमके. गेल्या सीझनला हाइकमध्ये तू ओळीत कुठं चालायचीस? करवत चालवलीयेस का? कोणाशी पटलं नाही तर काय करतेस? पुलअप्सबद्दल एकानंही विचारलं नाही.

दोन-तीन बेसवर प्रत्यक्ष जाऊन आले. आता मी जिथं आहे तिथला सुप शेडमध्ये हत्यारांची डागडुजी करत होता, मी हातात रेझ्युमे धरून उभी, त्यानं तो बाजूला ठेवला आणि एक कानस माझ्याकडे सरकवली. मग आम्ही बसून पुलास्कींना धार लावत बोललो. पुलास्की म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला टिकावासारखं आडवं पातं, १९१० च्या आयडाहोतल्या महाभयंकर वणव्यात एड पुलास्की नावाच्या रेंजरनं आपली माणसं खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवली, त्याच्या नावानं हे हत्यार ओळखतात. आमच्या भोरकडच्या आज्यानं मला विळ्या-कोयत्याला धार लावायला शिकवलेलं ते इतक्या वर्षांनी कामी आलं, सुपनं पातं अंगठ्यावर बघितलं आणि काही बोलला नाही. त्या दिवशीचा इंटरव्ह्यू म्हणजे एवढाच. फेब्रुवारीत ऑफरचा फोन आला, मग ड्रग टेस्ट, बोटांचे ठसे वगैरे सरकारी सोपस्कार.

आता फिटनेस. हॉटशॉटचं ठरलेलं किमान माप असं: दीड मैल १० मिनिटं ३५ सेकंदांत पळणं, एका मिनिटात ४० सिट-अप्स, एका मिनिटात २५ पुश-अप्स, आणि चिन-अप्स वजनाप्रमाणे, १७० पौंडांच्या वर असाल तर ४ आणि ११० च्या खाली असाल तर ७, मला ६ लागायच्या. हे किमान आहे हं. एवढंच जमवून गेलात तर पहिल्या हाइकलाच शेवटी लटकाल. खरी तयारी म्हणजे वजन घेऊन चढ. मी हिवाळाभर कोलंबिया गॉर्जमध्ये जायचे, तिथं माउंट डिफायन्स म्हणून डोंगर आहे, जवळजवळ ४,८०० फूट चढ, म्हणजे बारी गावातून कळसूबाई चढता त्याच्या दीडपटीहून जास्त. पाठीवर पाण्याचे कॅन भरायचे, वर पोचलं की पाणी ओतून द्यायचं आणि मोकळं उतरायचं, गुडघे वाचतात. ही युक्ती कॉन्ट्रॅक्ट क्रूवरच्या एका काकांनी सांगितली होती आणि अख्ख्या तयारीतला सगळ्यात कामाचा सल्ला तोच ठरला. बूट आधीच घेऊन मळवून ठेवा, चामड्याचे किमान आठ इंची, चांगल्या जोडीला पाचशे डॉलर सहज जातात, आणि नवे कोरे घालून पहिल्या दिवशी गेलात तर टाचांचं मांस निघतं.

सीझनचे पहिले दोन आठवडे ट्रेनिंग, ऐंशी तासांचं. सकाळी पीटी, मग वर्ग, मग हाइक, मग लाइन खणणं, मग परत हाइक. इथं एक गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवा, ऱ्हॅब्डो. अति श्रमानं स्नायू फुटतात आणि ते रक्तातून किडनीत जातं, लघवी कोकाकोलासारखी गडद झाली तर मर्दानगी बाजूला ठेवून ताबडतोब सांगायचं. सीझनच्या सुरुवातीला, जोश दाखवण्याच्या नादात, धडधाकट पोरांनाच हे होतं.

रुकी म्हणजे नवीन माणसाला काय करावं लागतं तर सगळं. बग्गी, म्हणजे क्रूची गाडी, झाडायची. क्यूबी वाहायच्या, पाच गॅलन पाण्याचा खोका, चाळीस पौंडांच्या वर. कोणी म्हणायच्या आत उठायचं. रॅगिंगसारखं वाटेल पण आमच्याकडे तरी तसं नव्हतं, जुने लोकही तेच करत होते, फक्त ते आपल्या आधी करून मोकळे व्हायचे आणि आपल्याला लाज वाटायची. हाइकमध्ये पुढच्या माणसात आणि तुमच्यात अंतर पडलं की मागचे सगळे अडकतात, म्हणून गॅप पाडणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. कोणी ओरडत नाही. पुढच्या वेळी तुम्हाला सुपच्या मागं पहिल्या नंबरला चालवतात, ते ओरडण्यापेक्षा वाईट.

२०२२ च्या मे महिन्यात पहिला मोठा रोल, म्हणजे चौदा दिवसांची ड्युटी, न्यू मेक्सिकोत हर्मिट्स पीक आणि काफ कॅन्यनला. त्या दोन्ही आगी फॉरेस्ट सर्व्हिसनं स्वतः मुद्दाम लावलेल्या जाळातून सुटलेल्या, पुढं एक होऊन ३,४१,००० एकरांच्या वर गेल्या, त्या राज्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आग. गावातले लोक आमच्या हिरव्या गाड्यांकडे कसे बघायचे ते सांगायला नको, बरोबरच होतं त्यांचं. तिथं मला लाइन खणणं म्हणजे काय ते कळलं. पुढं करवतवाले, एक कापतो आणि दुसरा, त्याला स्वॅम्पर म्हणतात, कापलेली झुडपं उचलून लांब फेकतो. मागं पुलास्कीवाले मुळं तोडतात, त्यांच्या मागं खरवडणारे. एकट्यानं सगळं खणायचं नसतं, प्रत्येकानं दोन-चार घाव घालायचे आणि पुढं सरकायचं, शेवटचा माणूस जातो तेव्हा पट्टा तयार. अंतर चेनमध्ये मोजतात, एक चेन म्हणजे ६६ फूट. वारीत दिंडी चालते तसं असतं, पुढच्या माणसाचा वेग तोच आपला वेग, स्वतःचा असा वेग नाही.

सोळा तासांची शिफ्ट, मग जमिनीवरच झोप. फायर कॅम्पला असलो तर गरम जेवण आणि शॉवरचा ट्रक, पण हॉटशॉट लोकांना बऱ्याचदा लांब डोंगरातच ठेवतात, मग सैन्याची तयार जेवणाची पाकिटं खायची. दिवसाला चार ते सहा हजार कॅलरी जळतात. आईचा फोनवर पहिला प्रश्न, गुरुवार धरतेस ना? काय बोलणार. मी शाकाहारी होते ते तिसऱ्या आठवड्यापर्यंत, पुढचं आईला अजून सांगितलेलं नाही, ती हे वाचत नाही.

बाई म्हणून कसं असतं हेही विचारतात. वीस जणांत आम्ही दोघी होतो. आडोसा बघून येते म्हणायचं, हत्यार घेऊन जायचं, कोणी मान वळवत नाही. पाळीच्या दिवसांचं सामान दुप्पट ठेवायचं आणि वापरलेलं झिपलॉकमध्ये घालून परत आणायचं, कारण रोल लांबतो आणि दुकान पन्नास मैलांवर असतं. बाकी वजन तेवढंच, चढ तेवढाच. काही क्रूवर वातावरण चांगलं नसतं हे खरंय, म्हणून फोनवर मी आधी काम केलेल्या मुलीचा नंबर मागायचे. जो सुप लगेच देतो तिथं जावं.

भीतीबद्दल. प्रत्येकाच्या पॅकमध्ये खाली फायर शेल्टर असतो, अॅल्युमिनियमचा घडीचा तंबू, आग अंगावर आली तर त्यात शिरून पालथं पडायचं. सरावात तो वाऱ्यात उघडायला लावतात. पण तो ज्वाला थेट अंगावर आल्या तर टिकत नाही, उष्णता परतवतो फक्त. ३० जून २०१३ ला ॲरिझोनात यार्नेलला ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्सचे १९ जण एकाच ठिकाणी गेले, वादळाच्या वाऱ्यानं आग फिरली तेव्हा ते जळलेला सुरक्षित भाग सोडून झुडपांनी भरलेल्या दरीत उतरले होते. शेल्टर उघडलेले होते सगळ्यांनी. क्रूतला एकटा वाचला, तो लांबवर लुकआउटला, म्हणजे आगीवर नजर ठेवायला, होता म्हणून. तिथं आता स्मारक पार्क आहे, मी ऑफ-सीझनला जाऊन चालून आले. वरून बघताना ते ज्या घराकडे निघाले होते ते किती जवळ दिसतं, आणि आपणही तोच रस्ता धरला असता असं वाटतं, हेच त्यातलं सगळ्यात बेकार. म्हणून रोज सकाळी ब्रीफिंगला लुकआउट कोण, रेडिओ कुठला, पळायची वाट कुठली, सुरक्षित जागा कुठली हे चार प्रश्न घोकतात. पॉल ग्लीसन नावाच्या एका जुन्या हॉटशॉट सुपनं १९९१ मध्ये ते असे बांधून दिले. रुकीलाही विचारतात, आणि उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, मान डोलवायची नाही. झाडं मात्र मला आगीपेक्षा भितीदायक वाटतात, बुंध्यातून जळलेली, आवाज न करता पडतात.

पैसा ओव्हरटाइममध्ये आहे. मूळ पगार बराच काळ लाजिरवाणा होता, इन्फ्रास्ट्रक्चरच्या कायद्यातून तात्पुरती भर मिळाली आणि २०२५ ला वाढ कायमची झाली. एका सीझनला हजार तास ओव्हरटाइम होतो, आग आटोक्यात नसताना वर पंचवीस टक्के धोक्याचा भत्ता. त्याच्या बदल्यात अख्खा उन्हाळा जातो, लग्नं, गणपती, सगळं. माझ्या सख्ख्या चुलत बहिणीचं लग्न मी आयडाहोतल्या एका कड्यावरून रेंज पकडत व्हिडिओवर बघितलं, मंगलाष्टका चालू असताना नेटवर्क गेलं.

ज्यांना खरंच यायचंय त्यांच्यासाठी: भारतातून थेट येता येत नाही, आधी सिटिझनशिप. ग्रीन कार्डवर असाल तर कॉन्ट्रॅक्ट क्रू धरा, तो अनुभव पुढं मोजतात. क्रूवर बहुतेक लोक आधी सीझन केलेले लागतात त्यामुळे पहिल्याच वर्षी हॉटशॉट होईलच असं नाही, इंजिनवर, म्हणजे पाण्याच्या बंबावर, किंवा साध्या हँड क्रूवर एक उन्हाळा काढला तर बिघडत नाही. कायमची जागा हवी तर वयाच्या ३७ च्या आत लागावं लागतं. फोन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा, ऑगस्टमध्ये कोणी उचलणार नाही. आणि व्हॉइसमेलवर नाव सावकाश सांगा, शक्यतो स्पेलिंगसकट, माझं आडनाव आमच्या बग्गीतल्या यादीवर चौथ्या सीझनलाही चुकीचंच आहे आणि आता तर रेडिओवर पण तेच चालतं.